बंद कलासंग्रहालय पुन्हा उघडताना: नागपूर आणि विदर्भातल्या छोट्या संग्रहालयांचे नेहमीचे प्रश्न

कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये दाराला कुलूप लागलं. मध्ये काही महिने दार किलकिलं झालं आणि १५ ते २१ मार्च २०२१ च्या नागपुरातल्या कडक टाळेबंदीपासून पुन्हा मिटलं. या काळात माणसं घरात होती, चित्रं मात्र दोन उन्हाळे आणि पावसाळे बंद खोलीत काढत होती. उघडायची वेळ आली तेव्हा बहुतेक प्रश्न सॅनिटायझर, मास्क आणि तापमापक बंदुकीबद्दल आले. तेही तेव्हा लागायचंच. पण संग्रहाचं खरं नुकसान होतं ते दमट भिंतीमुळे, घाईत केलेल्या झाडलोटीमुळे आणि भलत्या जागी मारलेल्या फवाऱ्यामुळे. म्हणून इथे त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

हे नेमकं कोणासाठी आहे? अजब बंगल्यालाही हेच लागू का?

नाही. सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ पासूनचं आहे आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. त्यांचे नियम आणि त्यांची माणसं वेगळी. हे लिहिलंय ते ट्रस्टच्या दोन-तीन खोल्यांच्या दालनांसाठी, महाविद्यालयांच्या चित्रसंग्रहांसाठी, वाड्यातल्या खाजगी संग्रहांसाठी. म्हणजे जिथे पूर्णवेळ संवर्धक (कलावस्तू दुरुस्त करून जपणारा तज्ज्ञ) नाही, एक लिपिक आणि एक चौकीदार सगळं बघतात, अशा जागांसाठी.

उघडायच्या किती दिवस आधी कामाला लागायचं?

कोरड्या महिन्यांत किमान तीन आठवडे, पावसाळ्यात चार ते पाच. निवड हातात असेल तर नोव्हेंबरात उघडा. पाऊस सरलेला असतो, भिंती वाळलेल्या असतात आणि ऊन अजून लांब असतं. जुलै-ऑगस्ट सर्वात वाईट. नुसतं दार उघडून लोक आत सोडले तरी खोलीतला दमटपणा चढत जातो.

पहिल्या दिवशी कुलूप काढल्यावर आधी काय करायचं?

पंखा लावू नका. हे सर्वात आधी, कारण सवयीने हात तिकडेच जातो. वर्षभर साचलेली धूळ आणि तिच्यात बुरशीचे बीजाणू असले तर तेही एका मिनिटात सगळ्या चित्रांवर पसरतात, आणि मग मूळ डाग कुठे होता हे कळायचा मार्गच उरत नाही. दुसरं, झाडू नका. जमिनीवरची धूळ म्हणजे पंचनाम्याचा कागद असतो. चौकटीखाली पिठीसारखा भुसा पडला असेल तर वर लाकडात कीड आहे, भिंतीच्या कडेने मातीची रेघ चढली असेल तर वाळवी आहे, लेंड्या असतील तर उंदीर किंवा पाल आहे. फरशीवर पाण्याचा वाळलेला कडा दिसला तर वर गळती आहे. झाडलं की हे सगळं पुसून जातं.

आत दोघांनीच जायचं. एन-९५ मास्क, हातमोजे, चांगली बॅटरी आणि कॅमेरा. आधी दारातून सगळ्या भिंतींचे फोटो, मग दाखलनोंदवही हातात घेऊन एकेका वस्तूची मोजणी. एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं. काही जागेवर नसेल तर तिथेच थांबा, कशाला हात लावू नका आणि विश्वस्तांना बोलवा. मोजणी झाल्यावर बॅटरी चित्राच्या कडेशी, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. अशा तिरक्या उजेडात उचललेला रंग, फुगवटे, बुरशीची लव आणि कॅनव्हासची लाट लगेच दिसते, समोरून मारलेल्या उजेडात दिसत नाही. रंगाचे पापुद्रे उचललेले दिसले त्या चित्राला ब्रशसुद्धा लावायचा नाही. ते जमलं तर आहे तिथेच सपाट ठेवायचं आणि संवर्धकाची वाट बघायची.

चित्राची मागची बाजू विसरू नका. आपल्याकडे चौकटीमागे कुंभारीण माशी मातीची घरटी हमखास बांधते. ती ओली करून काढू नका, माती कॅनव्हासमध्ये मुरते. पूर्ण वाळलेलं घरटं बांबूच्या बोथट काडीने कडेकडेने सैल करा आणि खाली कागद धरून पाडा.

यानंतर सफाई, वरून खाली. छत, दिवे, चौकटींची वरची कड आणि शेवटी फरशी. चौकटीवरची धूळ बकरीच्या केसांच्या मऊ ब्रशने किंवा कोऱ्या दाढीच्या ब्रशने, समोर व्हॅक्यूमची नळी धरून तिच्या तोंडात ढकलायची. नळीच्या तोंडाला मलमल बांधा, एखादा पापुद्रा सुटलाच तर कापडावर अडकेल. फडकं चित्राच्या पृष्ठभागावर कधीच नाही, त्याचे धागे उचललेल्या रंगात अडकतात.

पाणी आणि विजेचं काय बघायचं?

मेन स्विच चालू करण्याआधी वायरमनकडून तारा बघून घ्या. उंदरांनी वर्षभरात प्लास्टिक कुरतडलेलं असतं. सगळे एमसीबी (बोर्डावरचे सुरक्षा-खटके) खाली पाडून एकेक वर करायचा. टाकीतलं जुनं पाणी सोडून द्या, टाकी धुवा, मग प्रत्येक नळ पाच मिनिटं वाहू द्या. संडास-मोरीच्या जाळीखालच्या सापळ्यातलं पाणी बंद काळात आटलेलं असतं. त्यातूनच झुरळं आणि दुर्गंधी वर येते. प्रत्येक जाळीत एक बादली पाणी ओता, बराच प्रश्न तिथेच मिटतो.

अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्यात आहे का आणि पुनर्भरणाची तारीख उलटून गेली आहे का, हे बघा. दालनात पावडरचं नळकांडं टांगलं असेल तर ते दाराबाहेर हलवून आत कार्बन डायऑक्साइडचं ठेवा. पावडर आग विझवते, पण खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर बसते आणि ओल लागली की गंजवते.

चित्रावर पांढरट, मखमली डाग दिसतायत. बुरशी आहे का? पुसू का?

पुसू नका. आधी ती जिवंत आहे की सुप्त, हे बघा. बारीक कोरड्या ब्रशचं टोक डागाच्या कडेला हलकेच लावा. लिबलिबीत पसरली तर जिवंत, पिठासारखी उडाली तर सुप्त. जिवंत असेल तर त्या वस्तूवर काम करायचं नाही, तिला दुसऱ्या कोरड्या, हवेशीर खोलीत हलवायचं. नेताना चादरीत सैल झाकून न्या, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधू नका. आत ओल कोंडली की दोन दिवसांत डाग दुप्पट होतात. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आली की बुरशी आपोआप सुप्त होते. मग हेपा फिल्टर (अगदी बारीक कणही अडवणारी गाळणी) असलेल्या व्हॅक्यूमने, कमी ओढीवर, ब्रशच्या साह्याने काढता येते. साध्या घरगुती व्हॅक्यूमने काढाल तर मागच्या भोकातून बीजाणू खोलीभर फेकले जातील.

उन्हात ठेवणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. गाद्यांना ठीक आहे, चित्रांना नाही. जलरंग उडतो, कागद वाकतो, तैलरंगाचा थर तडकतो. अल्कोहोलचा बोळा फिरवणं हे संवर्धकाचं काम आहे, कारण कोणत्या रंगावर चालेल आणि कोणत्यावर नाही हे त्यालाच आधी तपासावं लागतं. काम करणाऱ्याने एन-९५ आणि चष्मा लावायचाच. दम्याच्या माणसाला या खोलीत पाठवू नका.

आणि डाग का पडले ते शोधल्याशिवाय चित्र परत त्याच भिंतीवर लावू नका. बहुतेक वेळा ती बाहेरची भिंत असते, पावसाचं पाणी झिरपणारी. दुसरी भिंत नसेलच तर चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांवर मागून बुचाचे तुकडे चिकटवा. चित्र आणि भिंत यांच्यात दीड-दोन सेंटीमीटरची फट राहिली की मागून हवा खेळते.

आर्द्रता किती ठेवायची आणि मोजायची कशी?

कागद, कॅनव्हास आणि लाकूड एकत्र असलेल्या दालनात ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये. ६५ च्या वर बुरशीला निमंत्रण, ७५ च्या वर काही दिवसांत लव दिसते. महासाथीच्या काळातल्या सरकारी नियमावलीत एसी २४ ते ३० अंशांवर आणि आर्द्रता ४० ते ७० टक्के ठेवा असं होतं. ते माणसांसाठी ठीक आहे. चित्रांसाठी त्यातली वरची हद्द ६० समजा.

आकड्यापेक्षा उडी जास्त घातक असते. २४ तासांत १० टक्क्यांहून जास्त चढउतार होऊ देऊ नका. म्हणूनच, खोली उघडली तेव्हा काटा ७८ दाखवत असेल तर एका दिवसात ५० वर आणायची घाई नको. आठवडा-दीड आठवडा घ्या, नाहीतर ओलीने फुगलेलं लाकूड एकदम आक्रसतं आणि वरचा रंग सुटतो.

साधा डिजिटल आर्द्रतामापक पुरतो, पण प्रत्येक खोलीत एक हवा आणि तो खरं सांगतोय का हे तपासायला हवं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ओलसर करा, विरघळवू नका. हे झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. ७० दिसले तर मापक पाच कमी दाखवतो, तसं लिहून त्यालाच चिकटवा.

नागपूर आहे, कूलर तर लागणारच. लावू का?

दालनात नको. इथल्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी बाहेरची हवा इतकी कोरडी असते की आर्द्रता २० टक्क्यांखाली सहज जाते. कूलर चालू केला की दालनात ती ६० वर जाते. संध्याकाळी सहाला चौकीदार बटण बंद करतो आणि रात्रीतून ती परत खाली. म्हणजे रोज ४० टक्क्यांचा हेलकावा. कॅनव्हास रोज सैल-ताठ, सैल-ताठ होतो आणि रंगाचा थर तेवढा लवचीक नसतो. जुन्या तैलचित्रांवरच्या चौकटीला समांतर जाणाऱ्या भेगा बऱ्याचदा याच हेलकाव्यांनी आलेल्या असतात. पावसाळ्यात तर कूलरने थंडावा मिळतच नाही, नुसती वाफ मिळते.

गंमत अशी की विषाणूच्या दृष्टीने कूलर एसीपेक्षा बरा, कारण तो सगळी हवा बाहेरून ओढतो. त्यामुळे तो तिकीट खिडकीच्या खोलीत, कार्यालयात, व्हरांड्यात जरूर लावा. दालनाचं वेळापत्रकच बदलणं जास्त शहाणपणाचं. एप्रिल-मे-जूनमध्ये सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ७. मधल्या वेळेत पडदे ओढलेले, दारं मिटलेली. भर दुपारी तसंही सिव्हिल लाइन्सात कोण हिंडतंय?

इलाजच नसेल तर कूलरचं तोंड चित्रांकडे नको, ताट्या नव्या हव्यात, आणि बंद करताना आधी पंप बंद करून अर्धा तास नुसता पंखा चालू ठेवा म्हणजे ताट्या वाळतात. मृगाचा पाऊस आला की पंप त्या वर्षापुरता बंद. टाकी रिकामी करून कोरडी पुसा. वर्षभर पाणी साचलेल्या कूलरमध्ये डेंगीचे डास होतात आणि महानगरपालिकेची माणसं येऊन बघतात ती वेगळीच.

मग एसी?

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही. गर्दी असेल तर ते बरं नाही. शिवाय दिवसा चालू, रात्री बंद, हा कूलरसारखाच हेलकावा. पावसाळ्यात २० अंशांवर चालवलेल्या खोलीचं दार उघडलं की थंड काचेवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं, काचेच्या आतल्या अंगाला धरलं तर थेट कागदावर ओघळतं. २६-२७ अंशांवर, शक्यतो अखंड. अखंड जमत नसेल तर एसी बंद ठेवून एक छोटं आर्द्रता शोषक यंत्र चालवणं स्वस्त आणि बरं. त्याची टाकी रोज कोण ओतणार ते मात्र आधी ठरवा, भरली की यंत्र आपोआप थांबतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

बंद काचपेटीत सिलिका जेल ठेवता येतं. प्रमाण साधारण घनमीटरला २० किलो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट उंच पेटी असेल तर सव्वादोन किलो. एक-दोन पुड्या टाकून भागत नाही. निळ्या खड्यांऐवजी संत्री रंगाचे घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. एक काळजी: भट्टीतून काढलेलं कडक कोरडं जेल थेट लाकडी किंवा हस्तिदंती वस्तूच्या पेटीत टाकू नका. आर्द्रता फार खाली ओढून ते वस्तू तडकवतं.

उघडण्याआधी पूर्ण दालन फवारून सॅनिटाइझ करून घ्यायचं ना? एजन्सीवाले प्रमाणपत्रही देतात.

हा प्रश्न तेव्हा सर्वात जास्त यायचा आणि उत्तर स्पष्ट ‘नाही’ असंच आहे. धुराच्या यंत्राने मारलेले बारीक थेंब हवेत राहत नाहीत, वस्तूंवर बसतात. सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीच. कापडाचा आणि जलरंगाचा रंग उडवतं, चांदी काळी करतं, तांब्या-कांस्यावर क्लोराइड सोडून जातं. अल्कोहोल जुनं रेझिनचं वार्निश विरघळवतं, शाई पसरवतं. प्रमाणपत्र भिंतीवर टांगता येईल, पण उडालेला रंग परत येत नाही.

आणि गरजही नाही. २०२० च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत कोरोनाचा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत, तर तांब्यावर जेमतेम चार तास टिकल्याचं दिसलं. तुमचं दालन महिनोनमहिने बंद आहे. तिथे विषाणू कसला राहतोय? पुढे उघडल्यावरही एखाद्या वस्तूला बाधित माणसाचा हात लागल्याची शंका आली तर सर्वात सुरक्षित जंतुनाशक म्हणजे वेळ. ती वस्तू किंवा ती खोली तीन दिवस बंद ठेवा, घाई नसेल तर सहा.

जंतुनाशक कुठे वापरायचं ते मात्र नीट करा. दाराच्या मुठी, जिन्याचा कठडा, तिकिटाचा काउंटर, स्विच, नळ, खुर्च्यांचे हात. पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी चार भाग घेतलं की एक टक्क्याचं द्रावण होतं. रोज ताजं करा, आपल्या उन्हाळ्यात ते लवकर दम सोडतं. फवारायचं नाही, फडकं भिजवून पुसायचं, दहा मिनिटं ठेवायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं, नाहीतर लोखंडी मुठी गंजतात. दालनाच्या आतल्या फरशीला हे नको, तिथे साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेलं पोछ्याचं फडकं पुरे, तेही भिंतीपासून वीतभर आत. आतलं आणि बाहेरचं फडकं वेगळ्या रंगाचं ठेवा. आत पांढरं, बाहेर लाल, म्हणजे सफाईवाल्या मावशींना विचारावं लागत नाही. आणि संडासाचं ॲसिड आणि हे द्रावण एकाच बादलीत कधीही नाही. क्लोरीन वायू होतो.

दारात सॅनिटायझर ठेवायचं तर आहे ना?

ठेवा, पण दालनाच्या दारापासून दहा-बारा पावलं अलीकडे. जेल चोळून लगेच आत आलेला माणूस ओल्या हाताने काचपेटीला टेकतो. त्यात ग्लिसरीन असतं, त्याचा चिकट ठसा धूळ धरतो. हात धुवायला साबण-पाणी दिलंत तर अधिक चांगलं. वस्तू हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांनी जेल वापरूच नये. साबणाने हात धुवून, पूर्ण कोरडे करून नायट्राइलचे मोजे घालावेत.

अतिनील दिवा फिरवला तर?

नको. रंग उडवण्याचं काम तो ट्यूबलाइटपेक्षा कैकपट वेगाने करतो.

अंधारात राहून तैलचित्रं पिवळी पडलीत. खराब झाली का?

बहुधा नाही. जवसाच्या तेलात घोटलेले रंग बराच काळ अंधारात राहिले की पिवळसर होतात, पांढऱ्या आणि फिकट निळ्या भागात ते जास्त दिसतं. अप्रत्यक्ष उजेडात काही आठवडे राहिले की यातला बराच पिवळेपणा उतरतो. थेट ऊन मात्र नको. वार्निशचा पिवळेपणा वेगळा, तो असा जात नाही. घरगुती उपाय म्हणून बटाटा, कांदा किंवा ओला ब्रेड चोळणारे अजून आहेत. त्यांना दालनाबाहेरच थांबवा.

नेहमीचा उजेड तैलचित्रांवर १५० ते २०० लक्स (उजेड मोजायचं एकक), जलरंग, लघुचित्रं, कापड आणि फोटोंवर ५० लक्स. भोसलेकालीन लघुचित्रं किंवा पोथ्या असतील तर ५० च्या वर जाऊच नका, आणि तीन-चार महिन्यांनी पान बदला.

कॅनव्हास ढिला पडलाय, चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी ठोकू का?

पावसाळ्यात ढिला पडलेला कॅनव्हास दिवाळीनंतर आपोआप ताणला जातो. ऑगस्टमध्ये पाचरी ठोकल्या तर मे महिन्यात तो फाटायला येतो. थांबा.

काच पुसताना काय काळजी?

द्रव काचेवर फवारू नका, फडक्यावर घ्या. फवारलेला थेंब चौकटीच्या फटीतून आत उतरतो आणि माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, ओला करतो. पुढे काच आहे की ॲक्रिलिक हे आधी बघा. नखाने टिचकी मारली की कळतं, काच खणखणते, ॲक्रिलिक भद्द वाजतं. ॲक्रिलिकमागे खडू-पेस्टल किंवा कोळशाचं चित्र असेल तर कोरडं फडकं घासूच नका. घासल्याने स्थिर वीज तयार होते आणि कागदावरची भुकटी उडून ॲक्रिलिकच्या आतल्या बाजूला चिकटते. चित्राचा सावळा भाग डोळ्यांदेखत फिका होतो.

वाळवी, कसर, लाकडातली कीड. डांबर गोळ्या टाकल्या तर चालेल ना?

डांबर गोळ्या नकोत. त्यांची वाफ वस्तूंवर स्फटिक होऊन बसते, काही प्लास्टिक मऊ करते, आणि बंद खोलीत रोज बसणाऱ्या माणसाला ती घातकच. कडुनिंबाचा पाला कपाटात ठेवायची जुनी रीत आहे, पण वाळून चुरा झालेला पाला हेच पुढच्या किड्यांचं खाद्य होतं. ठेवलाच असेल तर आता काढून टाका.

चिकट सापळे ठेवा, दाराजवळ आणि कोपऱ्यात, प्रत्येकावर तारीख. आठवड्याने काय अडकलं ते बघा. कसर सापडली तर खोली दमट आहे असं समजा, औषधाआधी ओल शोधा. वाळवी असेल तर तिची मातीची वाट मोडून दुसऱ्या दिवशी बघा. वाट परत बांधलेली दिसली तर वस्ती चालू आहे आणि काम जमिनीत औषध सोडणाऱ्याचं आहे. त्याला स्पष्ट सांगा: भिंतीवर किंवा वस्तूंजवळ फवारा नाही, आधी वस्तू हलवायच्या.

कापड आणि पुस्तकांतली कीड गोठवून मरते. पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बंद करायचं आणि उणे २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. घरगुती फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी थेट कापडावर धरतं. तैलचित्रं, लाकडावरची चित्रं आणि काचेमागचे फोटो गोठवायचे नाहीत.

कांस्यमूर्तीवर फिकट हिरवी पावडर आलीय. घासून काढू?

घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असेल तर तो जुना आणि निरुपद्रवी, राहू द्या. सैल, फिकट, पोपटी भुकटी खळग्यांतून निघत असेल तर तो धातूचा रोग आहे. क्लोराइड आणि ओल मिळून धातू आतून खात राहतात. मूर्ती वेगळ्या डब्यात, सिलिका जेलसह, आर्द्रता ४० टक्क्यांखाली ठेवा आणि तज्ज्ञाला फोटो पाठवा. चिंच, लिंबू, पीतांबरी यांतलं काही नको. देवघरातल्या समईचा नियम संग्रहातल्या मूर्तीला लागू नाही.

तज्ज्ञ कुठे मिळणार?

केंद्र सरकारची सांस्कृतिक संपदा संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ पासून लखनऊला आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे. पत्र लिहिताना वस्तूचं माप, माध्यम, समोरचा आणि मागचा फोटो, तिरक्या उजेडातला फोटो आणि गेल्या महिन्याचे आर्द्रतेचे आकडे जोडा. ‘चित्र खराब झाले आहे, कृपया मार्गदर्शन करावे’ एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही.

उघडण्याआधी रंगरंगोटी करून घेऊ का?

विश्वस्तांची ही हौस दरवेळी उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात जागी होते. नवा रंग पूर्ण वाळून त्याची वाफ थांबायला तीन ते चार आठवडे लागतात. तोवर चित्रं त्या खोलीत नकोत, नव्या रंगाच्या बंद काचपेटीत तर नाहीच नाही. प्लायवूड आणि एमडीएफच्या नव्या पेट्याही आम्लाची वाफ सोडतात. वेळ नसेल तर जुनाच रंग राहू द्या. लोक भिंती बघायला येत नाहीत.

एका वेळी किती लोक सोडायचे?

माणशी १०० चौरस फूट धरा. १,२०० चौरस फुटांच्या दालनात पेट्या, चौथरे आणि खांब ३०० चौरस फूट अडवत असतील तर मोकळी जागा ९००, म्हणजे नऊ माणसं. त्यात तुमचा पहारेकरीही आला, म्हणून प्रेक्षक आठ. ४५ मिनिटांची फेरी, मग १५ मिनिटं खोली रिकामी, दारं उघडी. येण्याचं आणि जाण्याचं दार वेगळं करता आलं तर करा. नाही आलं तर भिंतीकडेने एकाच दिशेने फिरवा आणि बाण जमिनीवर चिकटवा, भिंतीवर टेप लावू नका. कोंडी होते ती सर्वात प्रसिद्ध चित्रासमोर, तर तेच चित्र सर्वात मोठ्या भिंतीवर हलवा.

महासाथीच्या काळात मास्क, लस प्रमाणपत्र, वयाची अट याबाबत जिल्हा प्रशासनाचा त्या आठवड्याचा आदेश दारावर लावून तोच पाळावा लागायचा. हे आदेश बदलत असत.

खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद?

माणसांना हवा हवी, चित्रांना नको, हा खरा पेच आहे. चित्रं नसलेल्या बाजूच्या खिडक्या उघडा, त्यांना बारीक जाळी आणि आतून मलमलीचा पडदा लावा. फेऱ्यांमधली १५ मिनिटं पूर्ण उघडं, फेरी चालू असताना अर्धं. पाऊस कोसळत असेल त्या दिवशी उघडण्यापेक्षा माणसं निम्मी करा. कार्बन डायऑक्साइड मापक परवडत असेल तर घ्या. आकडा १,००० च्या वर गेला की खोलीत हवा कमी, माणसं जास्त. भिजलेल्या छत्र्या, रेनकोट आणि हेल्मेट बाहेरच. दहा ओल्या छत्र्या आत आल्या की आर्द्रतेचा काटा पंधरा मिनिटांत हललेला दिसतो.

शाळेच्या सहली आणि चित्रकलेचे विद्यार्थी?

पहिला महिना सहली नकोत. स्केचिंगला येणाऱ्यांना जरूर येऊ द्या. फक्त पेन्सिल, घडीचं स्टूल त्यांचं त्यांनी आणायचं, जलरंग आणि पाण्याचं भांडं व्हरांड्यात. एकाला एक जागा, पूर्ण फेरीभर.

अभिप्राय वही?

पेन ज्याचं त्याने आणावं. वही तीन आणा, म्हणजे हात लागलेली वही विषाणू मरेपर्यंत बाजूला ठेवता येते.

उद्घाटनाला दीपप्रज्वलन तर करावंच लागेल?

करा, व्हरांड्यात. समईची काजळी, कापूर, उदबत्ती आणि नारळाचं पाणी यांचा दालनाशी संबंध येऊ देऊ नका. रांगोळीची भुकटी बुटांबरोबर आत जाते, म्हणून दारापासून लांब काढा. हार-गुच्छ आत नेऊ नका. गालिच्याच्या किड्यांची प्रौढ पिढी परागकणांवर जगते आणि ताज्या फुलांबरोबर आत शिरते, मग तिच्या अळ्या लोकरीवर आणि पैठणीवर बसतात. प्रमुख पाहुण्यांनाही आठ जणांचाच नियम. हे सांगणं अवघड जातं, म्हणून निमंत्रणपत्रिकेतच छापा.

उघडल्यानंतर काय बघत राहायचं?

सकाळी दार उघडताना आणि संध्याकाळी मिटताना आर्द्रता आणि तापमान वहीत. दर सोमवारी, किंवा तुमची सुट्टी असेल त्या दिवशी, सापळे आणि तिरक्या उजेडात पाच चित्रं. दर आठवड्याला वेगळी पाच. पहिल्या दिवशी काढलेले फोटो जवळ ठेवा आणि त्यांच्याशी ताडून बघा, डोळ्याच्या आठवणीवर विसंबू नका. वहीत आकडा रोज अगदी सारखाच दिसू लागला तर समजा, मापकाचा सेल संपलाय किंवा कोणीतरी घरी बसून भरतंय.